फोर-जीएल, फॉक्सप्रो आणि ‘पटकन करून द्या’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात मी पतसंस्था, दूध संघ, कापड दुकानं अशा ठिकाणी फॉक्सप्रोत (माहिती साठवायच्या आणि शोधायच्या एका जुन्या भाषेत) प्रोग्रॅम लिहून द्यायचो. त्यातले काही आजही चालू आहेत, त्यामुळे फोन येत राहतात. कधी संस्थेच्या मॅनेजरांचा, कधी बीसीएच्या परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या विद्यार्थ्याचा. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

चौथ्या पिढीची भाषा, म्हणजे फोर-जीएल, नक्की काय?

काम ‘कसं’ करायचं हे न सांगता ‘काय’ हवं ते सांगायचं, ही त्यामागची कल्पना. घरी नव्या माणसाला चहा करायला सांगताना आधण ठेव, साखर टाक, पावडर टाक, दूध घाल असं सगळं सांगावं लागतं. मुरलेल्या माणसाला ‘चार कप, एक बिनसाखरेचा’ एवढं पुरतं. फोर-जीएल हा मुरलेला माणूस. पण त्याला फक्त चहाच येतो, हे विसरू नका. या भाषा बहुतेक एकाच प्रकारच्या कामासाठी असतात: माहिती साठवणं, शोधणं, पडद्यावर दाखवणं आणि कागदावर अहवाल काढणं. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला कुणी जात नाही.

पहिल्या तीन पिढ्या कुठल्या?

पहिली यंत्रभाषा, म्हणजे नुसते शून्य आणि एक. दुसरी असेंब्ली. तिसरी फोरट्रान (१९५७), कोबॉल, पास्कल, सी वगैरे. ही वर्गवारी काटेकोर शास्त्र नाही. त्यात विक्रेत्यांच्या जाहिरातीचा वाटा मोठा आहे. परीक्षेत मात्र असंच लिहा.

एखादं उदाहरण?

समजा, नव्वद दिवसांहून जास्त थकलेल्या कर्जदारांची यादी हवी आहे. कोबॉलमध्ये आधी चार विभाग मांडायचे: आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा, प्रोसिजर. मग फाइलचं वर्णन, ओळीचा आराखडा, फाइल उघडणं, एकेक नोंद वाचणं, फाइल संपली का ते बघणं, अट तपासणं, छापणं, फाइल बंद करणं. अनुभवी माणसाचाही अर्धा दिवस जायचा.

फॉक्सप्रोत दोन ओळी: ‘यूज कर्ज’ आणि ‘लिस्ट फॉर थकदिन > ९०’. आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकायच्या, पण वाक्य एवढंच. पडद्यावर आज्ञेची वाट बघणारा ठिपका किंवा कमांड विंडो दिसते, तिथे टाइप करा, एंटर मारा, यादी समोर. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले होते, “आमचा क्लार्क दोन दिवस खतावणी चाळतो हो याच्यासाठी!”

ही कल्पना आली कुठून?

मोठ्या मेनफ्रेम यंत्रांवर अहवाल काढण्याच्या कटकटीतून. आयबीएमची आरपीजी ही अहवाल बनवणारी भाषा १९५९ची. पुढे रॅमिस आली, १९७५च्या सुमारास फोकस आणि नोमॅड आल्या. सॉफ्टवेअर एजी या जर्मन कंपनीची नॅचरल त्यानंतरची. सॅप या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमधली आबाप भाषासुद्धा मुळात अहवाल तयार करण्यासाठीच होती. तिच्या जर्मन नावाचा अर्थच ‘सर्वसाधारण अहवाल सिद्ध करणारी’ असा होता.

‘चौथी पिढी’ हा शब्द गाजवला जेम्स मार्टिन या ब्रिटिश लेखक-सल्लागाराने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याचं म्हणणं असं की कोबॉलच्या दहाव्या हिश्शाच्या वेळात काम होत नसेल, तर त्या भाषेला चौथ्या पिढीची म्हणूच नये. त्याच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘प्रोग्रॅमरशिवाय’ हा शब्द होता. तो शब्द किती खरा ठरला, ते पुढे येईल.

एसक्यूएल फोर-जीएलमध्ये मोडते का?

हो. डेटाबेसला प्रश्न विचारायची ही भाषा, आणि आज सगळ्यात जास्त जिवंत असलेली तीच. आयबीएममधल्या एडगर कॉडने १९७०मध्ये संबंधाधिष्ठित (माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या) डेटाबेसचा सिद्धांत मांडला. चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत १९७४मध्ये भाषा मांडली. तेव्हा तिचं नाव ‘सीक्वेल’ होतं. लोक अजून उच्चार तसाच करतात.

आणि डीबेस, फॉक्सप्रो?

ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत वेन रॅटलिफ नावाचा अभियंता होता. ऑफिसात फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागायच्या, त्यांचा हिशेब ठेवायला त्याने घरच्या यंत्रावर एक प्रोग्रॅम लिहिला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर जेपीएलडीआयएस नावाची माहिती-प्रणाली होती, तिचं वळण त्याने घेतलं आणि नाव ठेवलं ‘व्हल्कन’. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी ते विकायला घेतलं आणि त्याचं डीबेस-टू झालं. ‘वन’ कधी नव्हतंच. ‘टू’ म्हटलं की माल सुधारलेला वाटतो. कंपनी अ‍ॅश्टन-टेट, त्यातला अ‍ॅश्टन नावाचा माणूसही अस्तित्वात नव्हता.

डीबेस-थ्री आणि थ्री-प्लस यांनी जग व्यापलं. १९८८चं डीबेस-फोर चुकांनी भरलेलं निघालं आणि तिथून घसरण लागली. मधल्या काळात नँटकेटचं क्लिपर आलं होतं आणि ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरचं फॉक्सबेस. दोन्ही डीबेसचीच भाषा बोलायची, पण कितीतरी जास्त वेगाने. अ‍ॅश्टन-टेटने १९८८मध्ये फॉक्सवर दावा ठोकला. १९९०मध्ये न्यायाधीशांनी अ‍ॅश्टन-टेटचा कॉपीराइटच रद्द ठरवला, कारण मूळ वळण जेपीएलडीआयएसचं असल्याचं नोंदणीत सांगितलं नव्हतं. तो निर्णय पुढे मागे घेतला गेला. १९९१मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली आणि भांडण मिटलं. भाषेवर कुणाची मालकी असते का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

फॉक्सप्रो २.० (१९९१) मध्ये ‘रशमोर’ नावाचं तंत्र होतं. इंडेक्सचा (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून वेगळ्या ठेवलेल्या सूचीचा) हुशारीने वापर करून ते लाखभर नोंदींतून शोध डोळ्याचं पातं लवेपर्यंत आणायचं. १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स विकत घेतलं, व्हिज्युअल फॉक्सप्रो काढलं, नववी आवृत्ती २००४मध्ये आणली आणि २००७मध्ये सांगितलं, दहावी नाही. २०१५च्या जानेवारीत उरलासुरला आधारही थांबला.

आपल्याकडे फॉक्सप्रो एवढं का पसरलं?

साध्या पीसीवर चालायचं. आणि खरं सांगायचं तर फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरायचं. विकत घेतलेलं मूळ खोकं मी फार कमी ठिकाणी पाहिलं. गल्लोगल्ली क्लास होते, तिथे वर्डस्टार आणि लोटसनंतर डीबेस नाहीतर फॉक्सप्रोच. पण खरं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. ज्याला किर्द, खतावणी, तेरीज कळते त्याला डीबीएफ, म्हणजे डीबेस-फॉक्सप्रोची माहितीची फाइल, पटकन कळायची. उभे रकाने, आडव्या नोंदी. ‘ब्राउज’ म्हटलं की वहीचं पान उघडल्यासारखं दिसायचं. दूध संघातला एक हिशेबनीस, कॉमर्सचा पदवीधर, क्लास न लावता सहा महिन्यांत स्वतःचे अहवाल स्वतः काढायला लागला होता. मार्टिनच्या डोक्यातला ‘प्रोग्रॅमर नसलेला प्रोग्रॅमर’ मी पाहिला तो हाच.

त्रासही होताच. लाइट गेली की इंडेक्स तुटायचा. भारनियमनाच्या काळात सकाळी संस्था उघडली की आधी ‘रीइंडेक्स’, मग उदबत्ती.

त्यात मराठी कसं चालायचं?

सुरुवातीला चालायचं नाहीच. ‘पाटील’ला ‘पीएटीआयएल’ अशी पाच अक्षरं. मग पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड आलं. यंत्रात ते बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची आणि डीबेससारख्या प्रोग्रॅमना त्याचा पत्ताही नसायचा. माहिती साठायची इस्की या भारतीय मानकात, आणि त्या मानकाचा क्रम वर्णमालेला धरून होता. त्यामुळे नावांची यादी अकारविल्हे लागायची.

विंडोज आल्यावर गंमत बिघडली. फॉन्टवर आधारलेल्या पद्धतीत अक्षराचा आकार साठतो, अक्षर नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा श वेगळा. छापील कागद सुंदर दिसतो, पण ‘सॉर्ट’ केलं की यादीचा खुर्दा. तुमच्या जुन्या डेटात आज ठोकळे आणि विचित्र चिन्हं दिसत असतील तर डेटा खराब झालेला नाही. तो कुठल्या फॉन्टमध्ये भरला होता ते शोधा, त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या मानकात) आणा आणि निदान शंभर नावं डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार इथे हमखास घोटाळा होतो.

रॅड म्हणजे काय? घाईघाईत उरकलेलं काम?

नाव ‘रॅपिड’ असल्यामुळे हा समज होतो. रॅड, म्हणजे रॅपिड अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट, ही भाषा नव्हे, काम करण्याची पद्धत. तिचे धागे १९८०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत झालेल्या प्रयोगांपर्यंत जातात. जेम्स मार्टिनने १९९१मध्ये त्यावर पुस्तक लिहून नाव रूढ केलं.

त्याआधीची रीत म्हणजे सहा महिने नुसती कागदावर मागणी लिहायची, सह्या घ्यायच्या, मग वर्षभर बांधायचं आणि शेवटी दाखवायचं. तोवर मागणी बदललेली, मॅनेजरही बदललेले. मार्टिनने चार टप्पे सांगितले: गरजांची आखणी, वापरणाऱ्यांसोबत रचना, बांधणी आणि जुन्याकडून नव्याकडे जाणं. दुसरा आणि तिसरा टप्पा गोल गोल फिरतो: दाखवा, शिव्या खा, बदला, परत दाखवा. मुदत ठरलेली, आणि ती हलवायची नाही. वेळ कमी पडला तर काम कमी करायचं, तारीख पुढे ढकलायची नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

माझा स्वतःचा धडा दंडव्याजाचा. एका पतसंस्थेच्या चेअरमननी नियम सांगितला, मॅनेजरनी तो लिहून दिला, मी पडदा बनवला. कॅशियरबाईंच्या शेजारी बसून तिसऱ्यांदा दाखवत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, सणाच्या कर्जाला आपण दंडव्याज लावतच नाही. आणि पैसे सोडून देतो, रुपयातच घेतो.” हे कुठल्याच कागदावर नव्हतं. वीस पानी मागणीपत्रावर सह्या घेतल्या असत्या तरी ते आलं नसतं. पडद्यावर चुकीचा आकडा दिसला म्हणून त्या बोलल्या. रॅड वेगवान होतं ते इथे. टंकलेखन लवकर झाल्याने वाचतात ते फार तर चार दिवस; चुकीची गोष्ट बांधून न झाल्याने महिने वाचतात.

म्हणून पद्धतीची खरी अट यंत्राची नाहीच. काम जाणणारा माणूस आठवड्यातून दोन दिवस तुमच्याजवळ बसायला मोकळा हवा, आणि निर्णय घेणारा माणूस जागेवर हवा. हे दोघं मिळत नसतील तर रॅडचं नाव घेऊ नका.

आमच्या साहेबांनी नमुना पाहिला आणि ‘उद्यापासून हाच चालू करा’ म्हणाले. करू का?

नको. नमुन्यात तारखेची तपासणी नसते, दोन जण एकाच वेळी एक खातं उघडतील याचा विचार नसतो, बॅकअप नसतो. साहेबांना दिसतो तो दर्शनी भाग. मी नमुन्याच्या प्रत्येक पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘नमुना’ असं लिहायचो आणि छपाईचं बटण मुद्दाम ठेवायचो नाही. छापता येत नाही म्हटलं की कुणी चालू करा म्हणत नाही.

रॅड आणि अजाइल एकच का?

नात्यातले आहेत. अजाइल म्हणजेही छोट्या फेऱ्यांत दाखवत, बदलत सॉफ्टवेअर बांधायची पद्धत. रॅडला थोडी शिस्त लावायला ब्रिटनमध्ये १९९४मध्ये डीएसडीएम नावाची पद्धत आली. २००१मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा केला, तेव्हा त्यात डीएसडीएमचाही माणूस होता.

व्हिज्युअल बेसिक, डेल्फी, पॉवरबिल्डर यांना काय म्हणायचं?

रॅडची साधनं. व्हिज्युअल बेसिक आणि पॉवरबिल्डर १९९१ची, डेल्फी १९९५ची. बटण ओढा, फॉर्मवर सोडा, मागे चार ओळी लिहा. व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी यांच्या पोटातली भाषा तिसऱ्याच पिढीची, बेसिक आणि पास्कल. अंगरखा मात्र चौथ्या पिढीचा. म्हणूनच पिढ्यांची वर्गवारी फार मनाला लावून घेऊ नका म्हटलं.

फोर-जीएल हळू चालते हे खरं?

कधीकधी, आणि ते महागातही पडतं. गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या वाहन विभागाचं. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी वाहन-परवान्यांची मोठी प्रणाली एका नव्या फोर-जीएलमध्ये करून घेतली. चालू झाल्यावर पडद्यावर उत्तर यायला सेकंदांऐवजी मिनिटं लागू लागली, नोंदी तुंबल्या, लोक जुन्या कागदांवर गाड्या चालवत राहिले. शेवटी भार पडणारे मोजके भाग कोबॉलमध्ये पुन्हा लिहावे लागले. बाकीचं फोर-जीएलमध्येच राहिलं. माझ्या मते यातला धडा ‘फोर-जीएल वाईट’ असा नाही. शंभर जणांचा भार पहिल्या महिन्यातच खोटा खोटा टाकून बघायला हवा होता, एवढाच आहे.

मग प्रोग्रॅमर संपले का?

१९८१मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रोग्रॅम विकायला आला. तुम्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची, तो बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहून देणार. नाव होतं ‘द लास्ट वन’. यानंतर दुसरा प्रोग्रॅम लिहायची गरजच नाही, असा दावा. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

सोपी कामं सोपी झाली की लोक अवघड कामं मागतात. यादी दोन ओळींत मिळायला लागल्यावर मॅनेजरांनी तालुकावार, जामीनदारवार, वसुली अधिकारीवार यादी मागितली. माझं काम वाढलंच.

पाचवी पिढी झाली का?

जपानने १९८२मध्ये पाचव्या पिढीचा मोठा सरकारी प्रकल्प काढला होता, तर्काधिष्ठित भाषा आणि समांतर यंत्रांवर. दहा वर्षांनी गुंडाळला. परीक्षेत पाचव्या पिढीची भाषा म्हणून ‘प्रोलॉग’ लिहा.

लो-कोड, नो-कोड म्हणजे तेच ना?

बरंचसं. थोडाच किंवा अजिबात कोड न लिहिता प्रोग्रॅम बनवायचा, ही कल्पना. ‘लो-कोड’ हा शब्द २०१४पासून रूढ झाला, पण आतलं दुखणं ओळखीचं आहे. फॉक्सप्रोत स्क्रीन बिल्डर होता: पडदा चित्रासारखा मांडायचा, तो कोड तयार करून द्यायचा. तयार झालेल्या कोडमध्ये तुम्ही हाताने दोन ओळी घातल्या आणि महिन्याने पडदा पुन्हा बनवला, की त्या दोन ओळी गेल्या. आजच्या कुठल्याही साधनाला पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्राने लिहिलेलं आणि मी लिहिलेलं वेगवेगळं ठेवता येतं का? दुसरा प्रश्न: कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर माझी माहिती मला कशा रूपात मिळेल? डीबीएफ या बाबतीत उदार होती. आजचे बरेच जण नाहीत.

आपल्याकडेही या वाटेने काम झालंय. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात, म्हणजे १९८१मध्ये सुरू झालेल्या टीआरडीडीसीत, आराखड्यावरून कोड तयार करणारं ‘मास्टरक्राफ्ट’ घडलं.

एआय कोड लिहून देतो, मग हे सगळं कशाला शिकायचं?

तो लिहितो आणि छान लिहितो. दंडव्याजाचा नियम त्याला कोण सांगणार, कॅशियरबाई की चेअरमन, ते मला कळवा.

आमच्याकडे अजून फॉक्सप्रो चालतं. काय करू?

आधी कुठलं ते बघा. डॉसचं २.६ असेल तर ते ६४-बिट विंडोजवर सरळ चालणार नाही. डॉसबॉक्ससारखा, डॉसचं सोंग घेणारा प्रोग्रॅम लागेल. मध्यंतरी तर प्रोसेसर इतके वेगवान झाले की जुनं फॉक्सप्रो सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ म्हणून कोसळायचं, कारण यंत्राचा वेग मोजणारा त्याचा हिशेब शून्यावर यायचा! त्यावर वेगळी दुरुस्ती काढावी लागली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ असेल तर ते आजच्या विंडोजवरही चालतं, पण एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. फाइल दीड जीबीच्या पुढे गेली असेल तर या वर्षीच हलवा.

हलवताना सगळं एकदम नको. आधी माहिती नव्या डेटाबेसमध्ये न्या, अहवाल तिथून काढा, तीन महिने दोन्हीकडच्या तेरजा जुळवा. जुळल्या की मग पडदे बदला. आणि तारखा तपासा. डीबीएफमध्ये तारीख पूर्ण आठ अंकांत साठते, वर्षाचे चार अंक धरून. पण वर्षाचे चारही अंक दाखवणारी ‘सेट सेंच्युरी ऑन’ ही आज्ञा दिलेली नसताना १९९७-९८मध्ये कुणी मुदत ‘०२’ अशी भरली असेल तर ती १९०२ झालेली असते. ठेव ठेवण्याआधीच पंच्याण्णव वर्षं संपलेली ठेव मी डोळ्यांनी पाहिली आहे, व्याज उणे!

चुकून सगळ्या नोंदी डिलीट झाल्या. गेल्या का?

‘पॅक’ (डिलीट केलेल्या नोंदी कायमच्या काढणारी आज्ञा) केलं नसेल तर नाही. फॉक्सप्रो डिलीट करताना नोंदीच्या सुरुवातीला फक्त एक चांदणी लावतं. ‘रिकॉल ऑल’ म्हणा, परत येतील. ज्या खरोखरच काढायच्या होत्या त्याही येतील, त्या पुन्हा काढाव्या लागतील. ‘झॅप’ (सगळ्या नोंदी एकदम कायमच्या पुसणारी आज्ञा) केलं असेल तर बॅकअप शोधा. आणि त्या यंत्रावर तोवर काहीही नवं भरू नका.

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस परदेशी गेला. सोर्स (मूळ लिहिलेला कोड) नाही, फक्त ईएक्सई (चालवायची तयार) फाइल आहे. काही होईल का?

होईल. फॉक्सप्रोची ईएक्सई खरी यंत्रभाषा नसते, आत अर्धवट भाषांतरित कोड असतो. रीफॉक्ससारख्या साधनाने तो बराचसा परत वाचता येतो. पासवर्ड घालून बांधलेली असेल तर अडचण. आधी प्रोग्रॅमवर तुमच्या संस्थेचा हक्क आहे हे करारात बघून घ्या. आणि माहितीसाठी तर ईएक्सईची गरजच नाही. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते. फक्त मूळ फाइल नव्हे, तिची प्रत उघडा. आणि शेजारी त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही सोबत कॉपी करा. शेरे आणि लांब मजकूर त्यातच असतो. गेल्या दिवाळीत एकांनी मला फक्त डीबीएफ पाठवल्या होत्या, आणि मी दोन दिवस शेऱ्याचा रकाना रिकामा का म्हणून डोकं खाजवत बसलो होतो.